सिटी लाइट्स (चार्ली चॅप्लिन, १९३१)

सिटी लाइट्स हा चार्ली चॅप्लिनचा १९३१ सालचा अमेरिकन मूकपट, लांबी साधारण ८६-८७ मिनिटं, लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, एडिटिंग, मुख्य भूमिका सगळं चार्लीचंच आणि या वेळी संगीतसुद्धा त्याचंच. टायटलमध्येच त्याने लिहून ठेवलंय की ही मूकाभिनयातली विनोदी प्रेमकथा आहे. एक भटक्या, एक आंधळी फुलवाली आणि एक श्रीमंत दारुडा, बास, तीन माणसं. बाकीचे सगळे येऊन-जाऊन.

तारखा बघितल्या तर मूकपटांचा जमाना तोवर उरकलेला होता. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये जाझ सिंगर हा बोलता पिक्चर आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळं हॉलिवूड बोलायला लागलं, थिएटरवाल्यांनी स्पीकर बसवून घेतले, थिएटरात संगीत वाजवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. चार्लीचा स्टुडिओ स्वतःचा, पैसे स्वतःचे, त्यामुळे त्याला कोणी सांगू शकत नव्हतं की बाबा रे बोल आता. आणि त्याची अडचणही खरीच होती, तो भटक्या जपानपासून आपल्याकडेपर्यंत सगळ्यांना कळायचा कारण तो कुठलीच भाषा बोलत नव्हता, एकदा का तोंड उघडून इंग्रजी बोलला की तो इंग्रज झाला, संपलं.

पण खरी गंमत पुढे आहे. या मुक्या पिक्चरची अख्खी गोष्ट सुरू होते एका आवाजाने, आणि तो आवाज प्रेक्षकाला ऐकूच येत नाही.

प्रसंग असा. रस्त्यावर गाड्यांची गर्दी, कडेला मोटरसायकलवाला पोलीस उभा, भटक्याला रस्ता ओलांडायचाय पण पोलिसासमोरून जायचं नाहीये. म्हणून तो उभ्या असलेल्या एका आलिशान गाडीच्या एका दारातून आत शिरतो आणि फूटपाथच्या बाजूच्या दारातून बाहेर पडतो आणि दार लावतो. फूटपाथवर फुलवाली बसलीय. तिला काय ऐकू आलं? महागड्या गाडीचं दार लागलं, कोणीतरी साहेब उतरला. ती फूल पुढे करते. तो नाणं देतो, गडबडीत फूल खाली पडतं, तो उचलतो तरी ती जमिनीवर चाचपडतच राहते आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की हिला दिसत नाही. ती सुटे पैसे द्यायला जाणार तेवढ्यात गाडीचा खरा मालक येतो, दार लावून निघून जातो. पुन्हा दाराचा आवाज. तिला वाटतं साहेब सुटे न घेताच गेले, ती मागून हाक मारते. आणि भटक्या तिथेच उभा आहे, शेवटचं नाणं गेलेलं, आणि तो काय करतो तर चवड्यांवर पाय टाकत आवाज न करता लांब जातो. थोडं पलीकडे जाऊन गुपचूप बसतो, तिला बघत. ती नळावर भांडं विसळते आणि ते पाणी सरळ त्याच्या तोंडावर फेकते. डोळ्यात पाणी यायच्या बेतात असतं आणि आपण हसतो. पुढचा सगळा पिक्चर याच मापाचा आहे.

हा सीन मी दोन-तीनदा कान देऊन बघितलाय. दाराचा दणका कुठेही वाजत नाही, साउंडट्रॅकवर फक्त संगीत आहे. वाजवायचा असता तर वाजवता आला असता, कारण याच पिक्चरमध्ये शिट्टी ऐकू येते, बॉक्सिंगची घंटा ऐकू येते. तरी नाही वाजवला. तो आवाज तिचा आहे, आपण तो तिच्या चेहऱ्यावर बघायचा.

वरवर बघता साधा वाटणारा हा प्रसंग चार्लीच्या हाताला महिनोन्महिने लागत नव्हता. भिकाऱ्याला एक आंधळी मुलगी श्रीमंत का समजेल, हे एकही शब्द न बोलता दाखवायचं कसं, हाच तो पेच. शूटिंग २७ डिसेंबर १९२८ ला सुरू झालं ते १९३० च्या सप्टेंबरपर्यंत रखडत चाललं, म्हणजे पावणेदोन वर्षं, आणि त्यातले कितीतरी दिवस कॅमेरा चाललाच नाही, कलाकार मेकअप करून बसलेत आणि साहेब विचार करतायत. या एका भेटीच्या सीनचे ३४२ टेक झाले असं गिनेस बुकात नोंदवलंय. एवढं करून शेवटी जे सापडलं ते काय तर गाडीचं दार. सापडल्यावर वाटतं यात काय अवघड होतं.

फुलवालीचं काम केलंय व्हर्जिनिया चेरिल हिने. शिकागोची, विशीतली, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. ती चार्लीला कुठे भेटली याच्या दोन कहाण्या आहेत, चार्ली आत्मचरित्रात सांगतो समुद्रकिनाऱ्यावर, ती सांगायची बॉक्सिंगची मॅच बघताना शेजारच्या खुर्चीवर. ती मुळात लांबचं नीट न दिसणारी होती आणि चार्लीला हवी होती तशी नजर तिला जमली, बाकीच्या मुली आंधळं व्हायचं म्हटलं की बुबुळं वर फिरवायच्या. त्याने तिला सांगितलं म्हणे की माझ्याकडे बघ पण आत बघ, मला बघू नकोस. दोघांचं पटलं मात्र कधीच नाही. तो एक फूल पुढे करायचं शंभर वेळा करून घ्यायचा आणि तिला ते कंटाळवाणं व्हायचं, सीनमधला हिचा हात बघताना हे आठवलं की बिचारीची कीव येते. एकदा तिने केस करायला जायचंय म्हणून लवकर सुटी मागितली आणि चार्लीने तिला काढूनच टाकलं. तिच्या जागी चार्लीच्याच गोल्ड रशची हिरॉइन जॉर्जिया हेल आणली, तिच्यावर शेवटचा सीन शूट करून बघितला, आणि मग लक्षात आलं की एवढं सगळं पुन्हा करायचं म्हणजे दिवाळं. चेरिलला परत बोलावलं. ती आली, पण पगार दुप्पट करून घेऊन आली. पोरगी हुशार होती. पुढे १९३४ मध्ये तिने नट कॅरी ग्रँटशी लग्न केलं, ते वर्षभर टिकलं.

दारुड्याचं काम आधी हेन्री क्लाइव्ह करत होता. त्याला गार पाण्यात उडी मारायला सांगितलं, तो नाही म्हणाला, चार्लीने त्यालाही काढलं आणि हॅरी मायर्सला घेऊन सगळं पुन्हा शूट केलं. मायर्सने जे काम केलंय ते बघून क्लाइव्ह पाण्याला घाबरला ते बरंच झालं असं वाटतं.

कथा थोडक्यात सांगतो. बायको सोडून गेलेला हा श्रीमंत रात्री नदीकाठी गळ्यात दगड बांधून जीव द्यायला निघालेला असतो, भटक्या त्याला समजावतो आणि या भानगडीत दोरी स्वतःच्याच गळ्यात येऊन तोच पाण्यात पडतो. वाचल्यावर श्रीमंत त्याला मिठी मारतो, तू माझा जिगरी, चल घरी. इथून पुढचा नियम एकदम सोपा आणि भयंकर आहे, दारू प्यायला की दोस्त आणि उतरली की ओळखच नाही. रात्री हॉटेलात घेऊन जाणार, स्वतःची रोल्स रॉइस देऊन टाकणार आणि सकाळी नोकराला सांगणार की हा कोण आलाय, हाकला याला. म्हणजे एक बाई आहे जिला दिसत नाही म्हणून ती याला साहेब समजते आणि एक साहेब आहे ज्याला दिसतं पण शुद्धीत असला की हा दिसत नाही.

त्या रोल्स रॉइसचा एक छोटा जोक आहे, माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात हुशार. गाडी आता भटक्याची आहे पण खिशात दमडी नाही, सिगारेट हवीय. मग तो रोल्स रॉइस घेऊन सिगार ओढणाऱ्या एका माणसाच्या मागे मागे जातो, त्याने थोटूक टाकलं की गाडीतून उतरतो, ते उचलायला वाकलेल्या दुसऱ्या भिकाऱ्याला ढकलून थोटूक घेतो, परत गाडीत बसतो आणि निघून जातो. तो भिकारी तोंड उघडं ठेवून बघत राहतो. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला तेव्हा याचं शूटिंग चालू होतं, आणि चार्लीने स्वतःचे शेअर आदल्याच वर्षी विकून टाकले होते, म्हणून तर तो निवांत दोन वर्षं काढू शकला.

पुढे मुलगी आजारी पडते, २२ डॉलर भाडं थकलंय, नाही भरलं तर घर खाली करा. पेपरात बातमी येते की व्हिएन्नाचा एक डॉक्टर अंधांना दृष्टी देतो. भटक्या कामाला लागतो, रस्ता झाडायची नोकरी, समोरून खेचरांचा कळप आला म्हणून हा शेपटं बघून दुसऱ्या रस्त्याने पळतो तर तिकडून हत्ती येतो. ती नोकरी जाते. मग तो बॉक्सिंग करायला तयार होतो. आधी ठरलेलं असतं की समोरचा पैलवान हळू मारणार आणि पैसे निम्मे-निम्मे, पण ऐन वेळी त्या पैलवानाला पोलीस मागे लागल्याची तार येते, तो पळतो आणि त्याच्या जागी येतो तो दुसरा पैलवान (नट हँक मान), जो वाटून-बिटून घेत नाही, जिंकेल त्याला सगळे. आता हा सीन शब्दांत सांगणं म्हणजे वेडेपणा आहे. रेफरीच्या मागे लपत लपत तिघांचा जो नाच होतो तो मी कितीतरी लोकांना दाखवलाय आणि एकही माणूस न हसता बसलेला बघितला नाही. पण त्याच्या आधी ड्रेसिंग रूममधलं एक बघा. एक बॉक्सर सशाचा पाय नशिबासाठी अंगाला चोळतो, भटक्या बघतो आणि तो मागून घेऊन स्वतःही अंगभर चोळतो. दोन मिनिटांत तोच बॉक्सर बेशुद्ध होऊन उचलून आत आणला जातो. भटक्या घाईघाईने अंगाला लागलेलं नशीब पुसून काढायला लागतो.

शेवटी श्रीमंत पुन्हा प्यालेला भेटतो आणि हजार डॉलर देतो, पण त्याच वेळी घरात चोर शिरलेले असतात, डोक्यात दणका बसून त्याची शुद्ध येते, म्हणजे ओळख जाते, आणि पोलिसांना वाटतं पैसे भटक्याने चोरले. तो पळून जाऊन पैसे मुलीच्या हातात देतो आणि मग तुरुंगात जातो.

मधे एक घरातला सीन आहे तो सांगायचा राहिला. मुलगी लोकरीचा गुंडा करतेय, भटक्या समोर बसून लोकर धरून आहे, आणि चुकून तिच्या हाताला त्याच्या आतल्या बनियनचा धागा लागतो. ती गुंडाळत जाते, बनियन उसवत जातो, आणि तो काही बोलत नाही, उलट अंग हलवून धागा सुटायला मदत करतो. बोललं तर कळेल ना की साहेबाच्या अंगात जुना विणलेला बनियन आहे. प्रेमात उसवणं वगैरे कवितेत वाचतो आपण, याने खरंच उसवून दाखवलंय.

आवाजाबद्दल चार्लीने सुरुवातीलाच चिमटा काढून ठेवलाय. पहिला सीन पुतळ्याच्या अनावरणाचा, शांती आणि समृद्धी असलं काहीतरी नाव आहे त्या स्मारकाचं, आणि पुढारी भाषण करायला उठतात तर तोंडातून शब्दच नाही, नुसतं पिपाणीसारखं चिरकं क्वॅक क्वॅक. बोलपटांवरची ही टीका आणि पुढाऱ्यांवरचीही, तो आवाजही चार्लीनेच काढला असं सांगतात. पडदा वर जातो तर एका पुतळ्याच्या मांडीवर भटक्या झोपलाय. उतरताना दुसऱ्या पुतळ्याची तलवार त्याच्या पँटमध्ये अडकते, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं, आणि बिचारा लोंबकळत सावधान उभा राहायचा प्रयत्न करतो. तसाच तो पार्टीतला सीन, शिट्टी गिळतो आणि उचकीगणिक ती वाजते, गायकाचं गाणं मोडतं, बाहेर जातो तर शिट्टी ऐकून टॅक्सी येते, मग कुत्री येतात. म्हणजे ध्वनी वापरायचा तर तो माणसाने बोलायला नाही, असा सरळ हिशेब.

संगीत त्याने स्वतः रचलं, त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं, गुणगुणायचा आणि आर्थर जॉन्स्टन लिहून घ्यायचा, ऑर्केस्ट्रा आल्फ्रेड न्यूमनने चालवला. फुलवालीची धून मात्र त्याची नाही, ती होजे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची ला व्हायोलेतेरा, म्हणजेच फुलवाली. नाव दिलं नाही म्हणून पादियाने दावा लावला आणि जिंकला. चार्लीची बाजू घ्यायची कितीही इच्छा असली तरी इथे घेता येत नाही.

आता शेवटचा सीन. ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, खरंच. तुरुंगातून सुटलेला भटक्या आता पार मोडलाय, कपड्यांच्या चिंध्या, काठीसुद्धा नाही. पेपर विकणारी दोन पोरं त्याला त्रास देतात (त्यातला एक रॉबर्ट पॅरिश, पुढे मोठा होऊन एडिटर झाला आणि ऑस्करही मिळवलं). पँटच्या भोकातून बाहेर आलेली चिंधी पोरं ओढतात, हा ती काढून घेतो, तिनेच नाक पुसतो आणि घडी घालून वरच्या खिशात रुमालासारखी ठेवतो. मुलीला आता दिसतंय, तिचं स्वतःचं फुलांचं दुकान आहे, कोणी रुबाबदार गिऱ्हाईक आलं की तिला वाटतं हाच तो. दुकानाच्या काचेतून ती या ध्यानाकडे बघून हसते. तो गटारात पडलेलं फूल उचलतो, वळतो, तिला बघतो आणि तसाच उभा राहतो. हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळतात. ती म्हणते बघा, मी याला जिंकलं, आणि ताजं फूल आणि एक नाणं द्यायला बाहेर येते. तो पळायला बघतो. ती हात धरून नाणं त्याच्या तळहातावर ठेवते. आणि तिच्या बोटांना हात ओळखू येतो. डोळ्यांना नाही. बोटं हातावरून बाहीवर, बाहीवरून कोटाच्या कॉलरवर जातात, जशी ती आधी जायची.

इथे एक गोष्ट तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आली. आंधळी असताना ती त्याचा आवाज ऐकतच होती, तो तिच्याशी बोलायचा, आपल्याला ऐकू यायचं नाही एवढंच. म्हणजे दुकानासमोर तो एक शब्द जरी बोलला असता तरी तिने ओळखलं असतं. म्हणून चार्ली त्याला ओळख पटेपर्यंत तोंड उघडू देत नाही. ओळख पटल्यावर मग संवाद लिहिलेल्या तीन पाट्या येतात. ती विचारते "तुम्ही?" तो मान हलवतो, डोळ्याकडे बोट दाखवून म्हणतो "आता दिसतं तुम्हाला?" ती म्हणते "हो, आता दिसतं." आणि पडदा.

पहिल्या पाटीवर इंग्रजीत नुसतं यू आहे. मराठीत सांगायला गेलं की अडतंच. गाडीतून उतरणाऱ्या साहेबाला ती तुम्हीच म्हणत असणार, आणि आत्ता ज्याला नाणं द्यायला आलीय त्या भिकाऱ्याला तू. मग त्या क्षणाला काय म्हणाली? मी वर तुम्ही लिहिलंय, पण चेहरा बघितला की खात्री वाटत नाही. पुढे त्यांचं काय झालं हे चार्ली सांगत नाही, आणि तिचा चेहरा आनंदाचाही नाही पूर्ण. चार्ली म्हातारपणी या शॉटबद्दल म्हणाला होता की आधीचे टेक सगळे जास्तच झाले होते, या वेळी तो अभिनय करत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता. समीक्षक जेम्स एजीने १९४९ मध्ये याला सिनेमातला सर्वोच्च क्षण म्हटलं. तांत्रिक चूक बघायची असेल तर तीही आहे, समोरून घेतलेल्या शॉटमध्ये फूल धरलेला हात तोंडाशी आहे आणि मागून घेतलेल्यात तो तिथे नाही, शॉट बदलतो तसा हात बदलतो. एकाच सीनचे शेकडो टेक घेणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल असं मला तरी वाटत नाही, त्याने चेहरा निवडला आणि हाताचं सोडून दिलं.

पहिला शो ३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजलिसला, नव्या कोऱ्या लॉस एंजलिस थिएटरमध्ये, आइनस्टाइन पाहुणे. पिक्चर रंगात आलेला असताना मॅनेजमेंटने मधेच थांबवून दिवे लावले आणि थिएटर किती सुंदर बांधलंय यावर भाषण सुरू केलं. पब्लिकने आरडाओरडा केला, चार्ली भडकला, पिक्चर पुन्हा सुरू झाला. शेवटच्या सीनला आइनस्टाइन डोळे पुसत होते असं चार्लीने लिहिलंय. न्यूयॉर्कला वितरकांशी नीट सौदा जमेना म्हणून त्याने स्वतः जॉर्ज एम. कोहन थिएटर भाड्याने घेतलं आणि बोलपटांपेक्षा महाग, डॉलरपर्यंत तिकीट ठेवलं. पंधरा लाख डॉलरच्या आसपास घालवून काढलेला मुका पिक्चर, मंदीच्या वर्षात, आणि तुफान चालला. लंडनच्या शोला शेजारी नाटककार बर्नार्ड शॉ. त्याच दौऱ्यात पुढे सप्टेंबर १९३१ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड भागात चार्ली गांधीजींना भेटला, यंत्रांना तुमचा विरोध का असं त्याने विचारलं. हा स्वतः नव्या यंत्राला नाही म्हणून दोन वर्षं घालवून आलेला माणूस, तरी विचारलं.

आपल्याकडे त्याच वर्षी, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आलम आरा हा आपला पहिला बोलपट लागला, म्हणजे सिटी लाइट्सनंतर फक्त सहा आठवड्यांनी, आणि पुढच्या वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा मराठीत बोलला. नंतर ही गोष्ट आपल्या लोकांनी उचललीही. राजश्रीचा १९७९ चा सुनयना, नसीरुद्दीन शाह आणि रामेश्वरी, येसुदासच्या आवाजातलं त्याचं गाणं अजून रेडिओवर लागतं. तमिळमध्ये १९९९ चा तुळ्ळाद मनमुम तुळ्ळुम, विजय आणि सिमरनचा, त्यात हिरोला गायकच करून टाकलंय. बोलपटात हे करावंच लागतं, हिरोला आवाज असतो आणि हिरॉइनला कान असतात, त्यामुळे हाताने ओळखायची गरजच राहत नाही. पिक्चर म्हणून ते चांगले असतील, पण ते दार तिथे नाही.

१९८३ च्या सुमारास केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी चार्लीच्या न वापरलेल्या फिल्म शोधून डॉक्युमेंटरी केली तेव्हा सिटी लाइट्सचा एक कापलेला तुकडा बाहेर आला. भटक्या फूटपाथवरच्या जाळीत अडकलेली लाकडाची काटकी आपल्या काठीने काढायचा प्रयत्न करतोय, एवढंच, सातेक मिनिटं. ढोसतो, काटकी फिरते, निघत नाही, हळूहळू गर्दी जमते, लोक सल्ले द्यायला लागतात. पिक्चरची सुरुवात याने करायची होती. बघितलात तर म्हणाल याच्यावर दुसऱ्या कोणी अख्खं करिअर काढलं असतं. चार्लीने ते शूट केलं, पूर्ण केलं आणि काढून टाकलं, कारण त्या काटकीचा ना फुलवालीशी संबंध ना दारुड्याशी.